राखणीचा कुत्रा पुन्हा पुन्हा निसटतो: मळ्यावरच्या वस्तीसाठी समस्या निवारण

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात पुष्कळ कुटुंबे गावठाणात न राहता मळ्यातील वस्तीवर राहतात आणि बहुतेक वस्त्यांवर राखणीसाठी एक-दोन कुत्री असतात. या कुत्र्यांबाबत एकच तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. कुत्रा दिवसभर बांधलेला असतो, अंधार पडल्यावर राखणीसाठी सोडला जातो आणि एके दिवशी सकाळी तो परत येत नाही. कधी तो डांबरी रस्त्याच्या कडेला मेलेला सापडतो, कधी बांधावर नुसता पट्टा सापडतो, तर कधी शेजारच्या शिवारातून मेंढी फाडल्याचा निरोप येतो. मग मालक आणखी जाड साखळी आणतो, महिनाभर बरे जाते आणि पुन्हा तेच घडते. आमच्या वस्तीवर अकरा वर्षांत अशी पाच कुत्री गेली. पाचव्या वेळी आम्ही नवे पिल्लू आणण्याआधी, ती नेमकी कशामुळे गेली हे एकत्र बसून आठवून काढले, तेव्हा कुत्र्याच्या स्वभावाला दोष देण्यासारखे फार थोडे उरले.

म्हणून पहिली सूचना ही आहे की साखळी, जाळी किंवा पट्टा विकत घेण्यापूर्वी किमान आठ रात्री नोंद ठेवावी. कुत्रा किती वाजता जातो, कोणत्या दिशेने जातो, किती वेळाने परत येतो, परत आल्यावर त्याच्या तोंडाला कसला वास येतो, पायांना चिखल आहे की डांबर, एवढे वहीत लिहिले तरी पुरते. उकिरड्याकडे जाणारा कुत्रा तासाभरात पोट भरून परत येतो. माजावर आलेल्या कुत्रीमागे गेलेला कुत्रा दोन-दोन दिवस येत नाही आणि आला तर जखमा घेऊन येतो. कंटाळलेला कुत्रा सोडल्याबरोबर सुसाट सुटतो आणि कोणत्याही दिशेने जातो. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि जाड साखळी हा यांपैकी एकावरही उपाय नाही.

रात्रीची व्यवस्था

या भागात सर्वांत आधी सोडवायचा प्रश्न रात्रीचा आहे, कारण येथे बिबट्या आहे आणि तो उसात राहतो. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या आहाराचा, वजनाच्या हिशेबाने, सुमारे ८७ टक्के भाग पाळीव आणि माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. ज्या वस्तीवर कुत्रा रात्री मोकळा असतो किंवा उघड्यावर बांधलेला असतो, त्या वस्तीकडे बिबट्याला येण्याचे कारण आपणच देत असतो, आणि त्या अंगणात आपली लहान मुलेही वावरत असतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, कारण याच बाबतीत आमच्याकडून सर्वांत मोठी चूक झाली. मोकळा कुत्रा बिबट्याने नेला म्हणून पुढचा कुत्रा आम्ही रात्रीही खुंट्याला बांधून ठेवला. मोकळ्या कुत्र्याला निदान पळता येते, गोठ्यात शिरता येते, ट्रॅक्टरखाली लपता येते. बांधलेल्या कुत्र्याला यांतले काहीच करता येत नाही. तो कुत्रा आमच्या दारापासून वीस पावलांवर गेला आणि त्याचा आवाज ऐकूनही आम्ही पोहोचेपर्यंत उशीर झाला. रात्री कुत्र्याला उघड्यावर बांधू नये, मग वस्तीवर कितीही उजेड असो.

याला उत्तर म्हणजे चारही बाजूंनी आणि वरून बंद असलेले खुराडे. माझ्या चुलत्यांचा याला मोठा विरोध होता. "कोंडलेलं कुत्रं राखण करतं का कधी?" असे ते म्हणत, आणि त्यांच्या आयुष्याचा अनुभव पाहता तो प्रश्न रास्त होता. परंतु राखणीच्या कुत्र्याचे खरे काम चोराला किंवा बिबट्याला धरण्याचे नसून भुंकून माणसांना जागे करण्याचे आहे, आणि ते काम तो जाळीच्या आतूनही तितकेच चोख करतो. उलट, आत सुरक्षित असलेला कुत्रा घाबरून गप्प बसत नाही आणि दूर कुठेतरी भटकत नसल्यामुळे भुंकण्यासाठी जागेवर असतो. दोन महिन्यांनी चुलत्यांनीच गोठ्याशेजारी दुसरे खुराडे करून घेतले.

खुराडे घराच्या किंवा गोठ्याच्या भिंतीला लागून असावे आणि उसाच्या कडेपासून जमेल तितके लांब असावे. दोन मध्यम कुत्र्यांना सहा फूट रुंद आणि आठ फूट लांब जागा पुरते, आणि उंची माणसाला उभे राहून झाडता येईल एवढी ठेवावी, नाहीतर सफाई होत नाही आणि आठवड्यात गोचिडांचा त्रास सुरू होतो. सांगाडा लोखंडी अँगलचा करावा आणि त्यावर वेल्डमेशची जाळी लावावी. कुंपणाला वापरतात ती मोठ्या छिद्रांची जाळी येथे चालत नाही, कारण बिबट्या त्यातून पंजा आत घालू शकतो आणि जाळीला टेकून झोपलेल्या कुत्र्याला ओढू शकतो. एक इंच छिद्राची जाळी घ्यावी आणि जमिनीपासून दोन फुटांपर्यंत पत्रा किंवा फळ्या लावाव्यात, म्हणजे कुत्र्याला आडोसाही मिळतो. छप्पर कधीही शेडनेटचे किंवा ताडपत्रीचे करू नये, ते पत्र्याचे किंवा जाळीचेच हवे. पत्रा उन्हाळ्यात तापतो, त्यावर उसाचे पाचट अंथरून वरून जाळी बांधली की आतला उष्मा पुष्कळ कमी होतो. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या असाव्यात, कारण एकच कडी असेल तर हुशार कुत्रा नाकाने उचलून ती उघडायला शिकतो. आमच्याकडच्या कुत्रीने हे तिसऱ्या रात्रीच केले.

तळाशी फरशी किंवा सिमेंटचा कोबा करून त्याला एका बाजूला उतार द्यावा. माती तशीच ठेवली तर कुत्रा उकरून बाहेर पडतो. कोबा करणे शक्य नसेल तर जाळीचा खालचा भाग फूटभर जमिनीत गाडावा किंवा आतल्या बाजूला आडवा अंथरून त्यावर दगड ठेवावेत. कुत्रा नेहमी जाळीच्या अगदी पायथ्याशी उकरतो, आणि तेथेच जाळी लागली की तो नाद सोडतो.

कुत्र्याला खुराड्याची सवय एका दिवसात लागत नाही. पहिले चार-पाच दिवस दार उघडे ठेवून संध्याकाळची भाकरी आतच द्यावी, त्यानंतर खाणे होईपर्यंत दार लावावे आणि मगच रात्रभर कोंडावे. पहिल्याच रात्री ढकलून आत कोंडलेला कुत्रा रात्रभर रडतो, घरच्यांची झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून खुराड्याचा बेत मोडीत काढतात.

काही मेंढपाळ आणि शेतकरी कुत्र्याच्या गळ्यात बाहेरून खिळे असलेला पट्टा बांधतात, कारण बिबट्या मान पकडतो. शेतावर माणसासोबत फिरणाऱ्या कुत्र्याला असा पट्टा असणे चांगलेच, पण तो खुराड्याला पर्याय नाही.

दिवसाची व्यवस्था

दिवसा कुत्रा बांधण्यात गैर काही नाही, परंतु तो कसा आणि किती वेळ बांधला जातो यावर तो सुटल्यावर कसा वागतो हे ठरते. चार फुटांच्या साखळीवर बारा तास काढलेला कुत्रा सुटल्याबरोबर धावत सुटणार, हे त्याच्या पायांचे साधे गणित आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या कलम ११ नुसार अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने जनावराला अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हयगय करणे हा गुन्हाच आहे.

खुंट्याऐवजी सरकत्या साखळीची पद्धत वापरावी. दोन खांबांमध्ये किंवा एक खांब आणि घराची भिंत यांमध्ये जाड तार डोक्याच्या वर ताणून बांधावी, तारेत एक लोखंडी कडी ओवावी आणि त्या कडीला साखळी लावावी. कुत्र्याला तीस-चाळीस फुटांची ये-जा करता येते आणि अंगणाचा मोठा भाग राखणीत येतो. खांबापासून चार-पाच फुटांवर तारेला गाठ किंवा क्लॅम्प बसवावा, म्हणजे कडी तेथे थांबते आणि साखळी खांबाला गुंडाळली जात नाही. तारेच्या आवाक्यात सावली आणि पाण्याचे भांडे दोन्ही आले पाहिजेत, आणि आवाक्यात उडी मारता येईल असे कुंपण, कट्टा किंवा विहिरीचा कठडा मुळीच असू नये, कारण पलीकडे उडी मारलेला कुत्रा साखळीला लटकून मरतो.

साखळीत भोवरकडी, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, असावी. बैलाच्या दाव्याला आपण भोवरकडी लावतोच, कुत्र्याच्या साखळीला मात्र ती लावायचे राहून जाते, पीळ बसून साखळी आखूड होते आणि मग कुत्रा पट्ट्यातून डोके काढून घेतो. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटे जातील इतकेच अंतर ठेवावे. वाढत्या पिल्लाचा पट्टा दर पंधरा दिवसांनी पाहावा, कारण न बदललेला पट्टा मानेत रुतून जखमेत किडे पडल्याची उदाहरणे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. भटक्या गुरांसारखे कुत्र्याच्या गळ्यात लाकडाचे लोढणे अडकवण्याची जुनी पद्धत तर पूर्ण बंद करावी. लोढणे काटेरी तारेत किंवा उसात अडकते आणि कुत्रा तेथेच तहानेने मरतो.

सकाळी आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास कुत्र्याला सोबत घेऊन शेताच्या बांधाबांधाने चालावे. आमच्या अनुभवात पळून जाण्याचे प्रमाण ज्या एका गोष्टीने सर्वांत जास्त घटले ती हीच, आणि तिला एक पैसाही लागला नाही. पाण्याची पाळी द्यायला किंवा मोटर चालू करायला जाताना कुत्रा बरोबर नेला तरी काम होते.

भाद्रपदाआधी

आपल्याकडे कुत्र्यांचा भाद्रपद प्रसिद्धच आहे. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते आणि प्रत्येक माज सुमारे तीन आठवडे चालतो, तरी पावसाळा ओसरता ओसरता गावोगावी कुत्र्यांच्या झुंडी फिरताना सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. गाभण राहिल्यापासून सुमारे ६३ दिवसांत कुत्री विते, म्हणून कार्तिक-मार्गशीर्षात, ऐन थंडीत आणि ऐन ऊसतोडीच्या काळात, रस्त्याकडेला पिल्ले दिसू लागतात. त्यांतली बरीचशी पौष संपेपर्यंतही जगत नाहीत.

या तीन आठवड्यांत कोणतीही साखळी नराला धरून ठेवेल अशी अपेक्षा करू नये. साखळी तुटली नाही तर मान सोलून निघते. एक कुत्री माजावर आली की आजूबाजूच्या वस्त्यांवरचे नर गोळा होतात, भांडतात, रस्ते ओलांडतात आणि एकमेकांना चावतात, आणि रेबीजही असाच एका वस्तीवरून दुसरीवर जातो. नसबंदी हाच यावरचा टिकाऊ उपाय आहे. ती आषाढाच्या आत करून घ्यावी, म्हणजे जखम भरायला वेळ मिळतो आणि भाद्रपद येईपर्यंत नराचे भटकणेही कमी झालेले असते, कारण शस्त्रक्रियेनंतर तो फरक दिसायला काही आठवडे लागतात. माज चालू असताना रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून तेव्हा कुत्रीची शस्त्रक्रिया शक्यतो टाळतात.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करावी. एकेकट्याने विचारले तर भूल देण्याची औषधे किंवा वेळ उपलब्ध नसल्याचे उत्तर मिळू शकते, पण सात-आठ वस्त्यांनी मिळून ग्रामपंचायतीमार्फत लेखी मागणी केली आणि शस्त्रक्रियेनंतर कुत्री ठेवण्यासाठी जागेची हमी दिली तर शिबिर होणे पुष्कळ सोपे जाते. आमच्याकडे बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये कुत्री पाच दिवस ठेवली होती. नसबंदीने कुत्रा आळशी होतो आणि भुंकत नाही ही समजूत खरी नाही. ज्या कुत्रीने कडी उघडली होती ती नसबंदीनंतर चार वर्षे राखण करते आहे.

उकिरडा आणि मेलेल्या कोंबड्या

घरी पोटभर मिळत असेल तरी कुत्रा जेथे मांस मिळते तेथे जाणारच. आमच्या नोंदवहीत पाच रात्री दिशा एकच होती, ओढ्याकडची. तेथे एका पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या रोज टाकल्या जात होत्या. तो ढीग केवळ आमच्या कुत्र्याला नव्हे, तर सगळ्या शिवारातल्या कुत्र्यांना आणि त्यांच्यामागे बिबट्यालाही बोलावत होता. मालकाशी भांडण न करता आम्ही चौघेजण जाऊन बोललो, आणि त्यांनी झाकणाचा खोल खड्डा घेऊन त्यात चुना टाकायला सुरुवात केली. ओढ्यावरची गर्दी पंधरा दिवसांत विरळ झाली.

मंगल कार्यालयामागचे खरकटे, मटणाच्या दुकानामागची आतडी आणि यात्रेच्या दिवशी उघड्यावर टाकलेले अवशेष यांचेही तसेच आहे. शेळी-मेंढीचे कच्चे फुप्फुस किंवा काळीज कुत्र्याला कधीही घालू नये, कारण त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक फीतकृमी वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेतून माणसाच्या पोटात गेली की यकृतात व फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे.

रस्ता, तारा आणि बॉम्ब

गाळप हंगामात रात्रभर उसाच्या ट्रॉल्या धावतात. त्या काळात कुत्र्याच्या पट्ट्यावर ट्रॉलीला लावतात तशी रेडियमची पट्टी शिवावी.

रानडुकरांसाठी कोणी शेताला थेट वीजप्रवाह सोडत असेल तर त्याला सर्वांनी मिळून थांबवावे, कारण त्यात माणसेही मेली आहेत. झटका मशीन वेगळे, ते क्षणभराचा झटका देऊन थांबते. डुकरांसाठी खाद्यात गुंडाळून ठेवलेले गावठी बॉम्ब तर कुत्रा वासाने शोधून चावतोच, आणि जबडा फुटलेला कुत्रा वाचत नाही. बांधावर असे गोळे दिसले तर हात न लावता पोलिसांना आणि वनखात्याला कळवावे.

मेंढरांच्या वाड्याजवळ

पाऊस उघडल्यावर धनगर मेंढरे घेऊन उतरतात आणि रिकाम्या रानात मेंढ्या बसवल्या जातात. घरी अत्यंत गरीब असलेला कुत्रा रात्री दुसऱ्या दोन कुत्र्यांबरोबर मिळाला की कळपात शिरतो, आणि एकदा पळणाऱ्या मेंढीच्या मागे लागण्याची चटक लागली की ती सुटणे फार कठीण असते. म्हणून शिवारात वाडा आल्याचे कळले की त्याच संध्याकाळपासून कुत्रा कोंडावा आणि वाड्यावर जाऊन आपली कुत्री कोणती हे सांगून यावे. ज्या माणसाचे वर्षभराचे उत्पन्न त्या वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, आत असते, त्याने रागाने काठी उचलली तर त्याला दोष देता येत नाही. नुकसान झालेच असेल तर ते नाकारू नये, भरून द्यावे.

मोकाट कुत्री आणि लस

ज्यांना मालक नाही अशा कुत्र्यांना टेम्पोत भरून घाटात किंवा दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडण्याचा ठराव अनेक ग्रामसभांत पुढे येतो. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार नसबंदी आणि लसीकरण केलेले कुत्रे त्याच्याच मूळ जागी परत सोडायचे असते, आणि हे काम स्थानिक संस्थेचे, म्हणजे गावात ग्रामपंचायतीचे आहे. पाळीव कुत्र्याच्या लसीची आणि नसबंदीची जबाबदारी मालकाची आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, लस दिलेली ओळखीची कुत्री हलवली की त्या जागी बिनलसीची अनोळखी कुत्री येतात, हे आमच्या गावाने एका वर्षात अनुभवले. विष घालणे हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर, मग महिनाभराने पुन्हा आणि त्यानंतर दरवर्षी द्यावी. गावातील किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तरच रोगाच्या प्रसाराची साखळी तुटते, म्हणून केवळ पाळीव कुत्र्यांवर थांबू नये. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन शिबिरासाठी सोयीचा असतो, कारण त्या सुमारास दवाखान्यांकडेही मोहीम असते. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना, तिखट काहीही लावू नये आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. चावलेला कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवावा, पण त्या दहा दिवसांच्या निकालासाठी लस थांबवू नये.

आमच्याकडे एक प्रश्न मात्र दरवर्षी नव्याने उभा राहतो. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम संपला, की ऊसतोड टोळ्या कोप्या (राहण्याच्या झोपड्या) मोडून गावी जातात आणि हंगामात त्यांच्याबरोबर राहिलेली चार-सहा कुत्री रिकाम्या जागेवर बसून राहतात. ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाडाबरोबर त्यांना जागा नसते, आणि ती माणसे जाताना रडताना मी पाहिली आहेत. गेल्या हंगामापासून आम्ही पट्टा पडण्याच्या महिनाभर आधीच मुकादमांना भेटून कोणती कुत्री मागे राहणार याची यादी करतो, त्यांना लस टोचून घेतो आणि कोणत्या वस्तीला राखणीला कुत्रा हवा आहे हे विचारतो. सहापैकी चार कुत्र्यांना अशी घरे मिळाली. उरलेल्या दोघींसाठी कारखान्याच्या रस्त्यापासून आत, शाळेपासून दूर, खाण्याची एक जागा ठरवली आहे आणि त्यांची नसबंदी आषाढाच्या शिबिरात होणार आहे.